टेबलावरचे जग

आमच्या सोनगीरला पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवायच्या, असा जुना रिवाज आहे. एक गावाच्या डोक्यावरचा किल्ला आणि दुसरी तांब्या-पितळेची भांडी. माझे वडील, म्हणजे नाना, या दुसऱ्या गोष्टीतले. चाळीसेक वर्षे त्यांनी घागरी आणि हंडे घडवले. पुढे स्टील आले, प्लॅस्टिक आले, धंदा बसत गेला. मग हाताला कंप सुटला आणि हातोडी खुंटीला लागली. तेव्हापासून नाना ओट्यावर बसतात आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गाड्या पाहतात. कुठे जाऊ या म्हटले की मान हलवतात.

एका रविवारी मी हट्टच धरला. म्हटले, ‘‘नाना, चाळीसगावला केकी मूसांचे घर पाहून येऊ.’’

‘‘त्या घरमा काय शे देखाले?’’

‘‘फोटो आहेत, चित्रे आहेत.’’

‘‘फोटू आपला घरमा बी शेतस,’’ म्हणाले. पण टोपी चढवली. एस.टी.ने आधी धुळे आणि तिथून गाडी बदलून चाळीसगाव.

घर आणि कला यांची गाठ जगभर पडलेली दिसते. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा हर्टफर्ड हाऊस पाहिले होते. सरदार घराण्याचा तो प्रचंड वाडा. लेडी वॉलेस या बाईंनी १८९७ मध्ये तिथला सारा संग्रह मृत्युपत्राने राष्ट्राला दिला आणि १९०० साली तो लोकांसाठी खुला झाला. आजही तो बघायला तिकीट पडत नाही. रेशमी भिंती, सोनेरी चौकटी, फ्रान्स हाल्सचा तो मिशीतून हसणारा सरदार. मी भारावून बाहेर पडलो होतो खरा, पण पाहुण्यासारखाच. त्या घरात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते.

चाळीसगावच्या स्टेशनाजवळचा मूसांचा बंगला त्या मानाने साधा. पण या बंगल्याला एका माणसाचे अख्खे आयुष्य चिकटलेले आहे. कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म १९१२ चा, एका पारशी घरातला. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या बेनेट कॉलेजातून ते कमर्शियल आर्ट आणि फोटोग्राफी शिकले, १९३८ च्या सुमारास चाळीसगावला परतले आणि घरात शिरले ते जवळजवळ कायमचेच. आईचा मृत्यू, विनोबांचे छायाचित्र असे बाहेर पडण्याचे मोजकेच प्रसंग लोक सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. मधल्या पन्नास वर्षांत या भिंतींच्या आत त्यांनी छायाचित्रे काढली, चित्रे रंगवली, शिल्पे केली, कागदाच्या घड्या घालून आकार केले, जुन्या वस्तू जमवल्या. देशोदेशीच्या प्रदर्शनांतून त्यांच्या छायाचित्रांना शेकड्यांनी बक्षिसे मिळाली. बंगल्याला त्यांनी नाव दिले होते ‘रेम्ब्रँट्स रिट्रीट’.

आता इथे आलेला प्रत्येक जण आधी विचारतो ती गोष्ट वेगळीच. मूसांची एक प्रेयसी होती, पंजाब मेलने चाळीसगावला येईन असे तिने वचन दिले होते, आणि ते रोज रात्री ताट मांडून, फुले ठेवून त्या गाडीची वाट पाहत. ती कधी आली नाही. योगायोग असा की पंजाब मेलही १९१२ सालीच धावू लागली. गोष्ट सुंदर आहे, काळजाला हात घालणारी आहे. मीही वाटेत ती नानांना रंगवून सांगितली. ते ‘हं’ म्हणाले.

आत गेल्यावर मात्र मी त्यांच्यामागे राहिलो. मूसांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रांची. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने जग टेबलावर आणले. याची युक्ती ऐकायला सोपी आहे. कॅमेरा एका डोळ्याने पाहतो, त्याला वस्तूचे खरे माप कळत नाही. जवळ मोठी वस्तू, मागे छोटी ठेवली की अंतर निर्माण होते. भिंगाचे छिद्र बारीक केले की पुढचे-मागचे सारे स्पष्ट येते. मात्र मग उजेड पुरत नाही, म्हणून प्रकाश आत घ्यायला जास्त वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ काहीच हलता कामा नये. दिवा खाली, बाजूला ठेवला की सावल्या लांब पडतात आणि टेबलावर पहाट होते. सोपे वाटते; करून पाहावे म्हणजे कळते.

नाना एका चित्रापुढे थांबले ते हलेनात. मग हवेत बोट फिरवत म्हणाले, ‘‘उजेड इथून घेतला.’’ मी पाहिले, खरेच सारी सावली एका बाजूला झुकलेली. भांड्यातला पोचा शोधायचा तर भांडे उजेडाला तिरपे धरावे लागते, सरळ उजेडात पोचा दिसत नाही, हे ते मला लहानपणी सांगत. जे मला रेम्ब्रँटच्या नावाने कळले होते, ते त्यांना घागरीने शिकवले होते. लंडनच्या वाड्यात मला न सापडलेली ओळख त्यांना इथे पाच मिनिटांत पटली.

‘‘हाऊ कारागीर व्हता,’’ ते म्हणाले.

बाहेर पायरीवर बसल्यावर स्टेशनावरून एक गाडी धडधडत गेली. मी सहज म्हटले, ‘‘पन्नास वर्षे वाट पाहिली बिचाऱ्याने.’’

नाना जरा वेळाने बोलले. ‘‘वाट देखता देखता काम करे हाऊ. आम्ही नुसती वाटच देखतस.’’

मला उत्तर सुचले नाही. त्या घराची प्रेमकथा आपण सांगत राहतो, कारण ती ऐकायला कष्ट पडत नाहीत. गाडी रात्री एकदा येऊन जायची. उरलेला दिवस या माणसाने दिवा एक बोट इकडे, एक बोट तिकडे सरकवण्यात घालवला, हे सांगायला आपण विसरतो. मुलांना घेऊन जाल तर प्रेमकथा शेवटी सांगा. आधी एका चित्रासमोर उभे करा आणि विचारा, उजेड कुठून आला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नाना नव्हते. माळ्यावरची एक अर्धवट राहिलेली कळशी त्यांनी नातवाकडून उतरवून घेतली होती. हात थरथरतच होता. ठोका कधी नेमका बसे, कधी घसरे. घसरला की ते कळशी उचलून खिडकीकडे तिरपी धरत, डोळे बारीक करून पाहत आणि शेजारी बसलेल्या नातवाला दाखवत.