पुस्तकात छापलेले चूक असू शकते काय?

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक माता आम्हांला भेटावयास आल्या. त्यांची कन्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. न्यायवैद्यकशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात समलिंगी स्त्रिया या मनोविकृत व गुन्हेगार असल्याच्या अर्थाचा मजकूर आहे, आणि मुलगी म्हणते की हे आता खरे मानत नाहीत. "फादर, पुस्तकात छापलेले चूक कसे असेल?" असा त्या माउलीचा प्रश्न होता. त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला हा विषय अर्ध्या पानात आटोपला होता, आणि ते अर्धे पानही प्राध्यापकांनी खाली मान घालून वाचले होते. म्हणून हा लेखप्रपंच.

२०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात न्या. एन. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे एक याचिका आली. मदुराईच्या दोन तरुणींचे परस्परांवर प्रेम होते. घरच्यांचा विरोध पाहून त्या चेन्नईस निघून आल्या. पालकांनी मुली हरवल्याच्या तक्रारी नोंदविल्या, पोलीस चौकशीस येऊ लागले, तेव्हा त्यांनी न्यायालयाकडे संरक्षण मागितले. दोघीही सज्ञान असल्याने तेवढा आदेश देऊन प्रकरण मिटविता आले असते. परंतु न्यायमूर्तींनी भर न्यायालयात मान्य केले की समाजातील बहुसंख्य लोकांप्रमाणे आपल्यालाही हा विषय पुरता उमगलेला नाही. त्यांनी दोघींना व त्यांच्या आईवडिलांना समुपदेशकाकडे पाठविले. त्यानंतर स्वतःलाही शिकावयाचे आहे असे सांगून त्यांनी एका मानसशास्त्रज्ञाकडे वेळ मागितली. निकालातील शब्द हृदयातून यावेत, ही त्यांची इच्छा होती. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश विद्यार्थी होऊन बसतो, हे दृश्य आम्हांला विलक्षण वाटते.

७ जून २०२१ रोजी त्यांनी दिलेल्या आदेशात पोलिसांना समज होतीच. त्याशिवाय, समलिंगी व्यक्तीला उपचाराने 'बदलण्याचे' प्रयत्न थांबवावेत, शाळा व विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत या समाजाविषयी योग्य माहिती द्यावी, आणि पालक-शिक्षक सभांतून पालकांनाही जागरूक करावे, असे सुचविले होते.

ही माहिती म्हणजे काय? तिचा बराच भाग इतिहासच आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ आपल्या परंपरेतून आलेले नव्हते. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळी, १५३३ साली, झालेल्या कायद्याची ती वसाहतीतील संतती. १८६० साली ते येथे लिहिले गेले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर हिजड्यांची पोलीस नोंदवहीच सुरू केली. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायद्याने मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मराठीतही हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. दंड झालाच, ही गोष्ट निराळी. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटकही चाळीस वर्षांहून जुने आहे.

शाळेच्या दारात मात्र हे सारे अडखळते. २०२१ साली एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेताच अल्पावधीत ती संकेतस्थळावरून काढण्यात आली. त्या पुस्तिकेतील काही मजकुराबद्दल पालकांना वाटलेली काळजी आम्ही समजू शकतो. परंतु गणवेशावरून, चालण्याबोलण्यावरून रोज टिंगल सोसणारे मूल वर्गात बसलेले असताना त्याच्या शिक्षिकेच्या हातून पुस्तिकाच काढून घेणे, हे आम्हांला पटले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्या. व्यंकटेश यांनीही यावर नापसंती व्यक्त केली.

येथे वाचक विचारतील, मग ख्रिस्तसभेची शिकवण बदलली काय? नाही. विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांच्यामधील संस्कार आहे, आणि समलिंगी कृतींविषयीची नैतिक शिकवणही कायम आहे. परंतु त्याच धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५८वा परिच्छेद अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकार करावयास सांगतो आणि त्यांच्याविरुद्धचा अन्यायकारक भेदभाव निषिद्ध मानतो. पहिले वाक्य आपल्याला पाठ असते, दुसरे किती जणांनी वाचले आहे? लिंगभावविषयक सिद्धांतांवर टीका करणाऱ्या व्हॅटिकनच्या २०१९ सालच्या शिक्षणविषयक दस्तऐवजातही आरंभी ऐकून घेण्याचा आग्रह आहे. समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले होते. आपल्या मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनीही २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा वैध ठरविले तेव्हा, समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानण्यास विरोध दर्शविला होता.

त्या माता पुन्हा भेटल्या तेव्हा आम्ही तयारी करून गेलो होतो. मुलीचे म्हणणे बरोबर असल्याचे त्यांना सांगितले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतील असा अवमानकारक मजकूर टाळण्याच्या सूचना दिल्या. २०२२ साली 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. ऑगस्ट २०२४ मध्ये अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत आले, तेव्हा टीका झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. वाचनालयातील जुन्या प्रती मात्र जागच्या जागीच असतात.

"म्हणजे पुस्तक चुकले होते," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी आपल्या दिरांचा विषय काढला. ते कित्येक वर्षे मुंबईस एकटे राहतात, आणि नाताळला त्यांना घरचे कोणी बोलावीत नाही.