फोटोत न दिसणारी गाठ



स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "यात स्पष्ट दिसत नाही, आणखी एक तपासणी करू." हे ऐकलं की बाईच्या पोटात गोळाच येतो. काही जणी तर पुन्हा दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. म्हणून आज समजून घेऊ, फोटोत स्पष्ट दिसत नाही म्हणजे नेमकं काय.

एक्स-रे म्हणजे सावलीचा फोटो. १८९५ साली जर्मनीत रोंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी उठून दिसली, कारण ती किरण अडवतात. पण स्तनात हाड नाही. तिथे चरबी आणि दुधाच्या ग्रंथी. गाठ झालीच, तर ती आणि ग्रंथी किरण जवळजवळ सारखेच अडवतात. तरुण वयात ग्रंथी दाट असतात. मग पांढऱ्यात पांढरं मिसळून जातं.

आता उन्हात ठेवलेलं पाण्याचं घमेलं आठवा. पाणी स्वच्छ, ते ऊन अडवत नाही. तरी पाणी हललं की तळाशी चकाकत्या रेघा नाचतात, कारण लाटेमुळे उजेड वाकतो. एक्स-रेही गाठीच्या कडेला असेच वाकतात, पण अगदी किंचित. म्हणून फोटो टिपणारी पाटी शरीरापासून लांब ठेवतात. तेवढ्या अंतरात कडेची रेघ उमटते. या पद्धतीला फेज कॉन्ट्रास्ट म्हणतात.

यासाठी फार प्रखर आणि शिस्तीत येणारे किरण लागतात. ते सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रातून मिळतात. मोठ्या गोल मार्गात इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतात. लोहचुंबकाने त्यांना वळवलं की वळणावर किरण बाहेर पडतात. इंदूरला इंडस-२ हे असंच यंत्र आहे. त्याचा घेर सुमारे १७२ मीटर आहे, पण ते संशोधनासाठी आहे.

इटलीत त्रिएस्त गावी २००६ पासून काही बायकांची अशी तपासणी झाली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करूनही ज्यांची शंका मिटली नव्हती, अशा त्या बायका. बाई पालथी झोपायची, पलंगाला छातीपाशी मोकळी जागा ठेवलेली असायची. याच किरणांनी चहूबाजूंनी फोटो घेऊन संगणकाने जोडले, की आतल्या पातळ चकत्या दिसतात. सीताफळ न कापता आतली बी न् बी मोजावी, तसं. याला टोमोग्राफी म्हणतात.

हे यंत्र आपल्या तालुक्याला येणार नाही. पण त्यातून दोन गोष्टी शिकायच्या. दुसरी तपासणी सांगितली म्हणजे कॅन्सरच झाला, असं नाही. पहिल्या फोटोला मर्यादा असते, एवढंच. आणि फोटोत काही दिसलं नाही, पण हाताला गाठ लागते, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी करता येते, त्याबद्दल विचारा.

पुढच्या बैठकीत हे एकमेकींना सांगा. एखादी एकटी जायला घाबरत असेल, तर तिच्याबरोबर जा.