स्कर्टिंग बदलताना आधी पाहा भिंत!

सदनिकेच्या नूतनीकरणाचे काम निघाले, की चर्चा रंगते ती फरशी, रंग आणि फर्निचरची. फरशी व भिंत यांच्या सांध्यावर बसणाऱ्या तीन-चार इंची पट्टीकडे, अर्थात स्कर्टिंगकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक फरशी पुसतानाचे पाणी, केरसुणीचे फटकारे आणि कपाट-पलंगांचे धक्के यांपासून भिंतीचा तळ सुरक्षित ठेवण्याचे काम हीच पट्टी करते. खोलीतील गिलावा काढून विटा उघड्या पडलेल्या असताना ती बदलायची असेल, तर कामाचा क्रम चुकल्यास तेच काम दोनदा करण्याची वेळ येते.

दिवाळी तोंडावर आली, की ‘आधी स्कर्टिंग लावून घेऊ, गिलावा मागाहून करू’ असा प्रस्ताव हमखास पुढे येतो. तो मान्य करण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडावा. आतील भिंतीवरील सिमेंटचा गिलावा साधारणतः १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. स्कर्टिंगची टाइल ८ ते १० मिलिमीटर आणि तिच्यामागील चिकटमाल ३ ते ५ मिलिमीटर. म्हणजे उघड्या विटांवर थेट बसवलेली टाइल गिलाव्याच्या जवळपास बरोबरीनेच येते. त्यातच विटांची भिंत क्वचितच सरळ असते. परिणामी ही पट्टी एके ठिकाणी गिलाव्यात बुडते, तर दुसरीकडे बाहेर डोकावते.

चौकट सांगते पातळी

त्यामुळे स्कर्टिंग विटांच्या नव्हे, तर पूर्ण झालेल्या भिंतीच्या पातळीनुसार बसवायला हवे. दाराची चौकट बहुधा गिलाव्याच्या पातळीत बसवलेली असते. तिच्या कडेवरून सूत ताणून आणि ओळंबा लावून ही पातळी काढता येते. गवंडी भिंतीवर ठिकठिकाणी माल लावून गिलाव्याच्या जाडीच्या खुणा करून घेतात, त्याही येथे उपयोगी पडतात.

स्कर्टिंग भिंतीच्या पुढे ठेवायचे असल्यास गिलावा थेट फरशीपर्यंत उतरवून त्यावर टाइल लावावी. ते भिंतीच्या समपातळीत हवे असल्यास तळाशी पट्टीच्या उंचीएवढा भाग सरळ रेषेत मोकळा सोडावा. समपातळीतील पट्टीवर धूळ साचत नाही, मात्र त्यासाठी कामात सफाई लागते. कोणता पर्याय हवा, हे गिलाव्यापूर्वीच ठरवणे आवश्यक असते.

ओल झाकू नका

जुने स्कर्टिंग काढण्यापूर्वी विजेच्या वायर व पाण्याचे पाइप भिंतीतून कोठून गेले आहेत, याची खात्री करून घ्यावी. शेजारच्या भिंतीचा गिलावा शाबूत ठेवायचा असल्यास पट्टीच्या वरच्या कडेवर आधी धारदार पात्याने रेघ मारावी आणि मगच छन्नी चालवावी. फरशी तीच राहणार असेल, तर तिच्यावर प्लॅस्टिक व गोणपाट अंथरणे शहाणपणाचे ठरते.

पट्टी निघाल्यावर मागचा माल भुसभुशीत आढळला, विटांवर पांढरे क्षार दिसले किंवा ओलसर डाग असले, तर काम तेथेच थांबवावे. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल, तर गळतीचा संशय प्रथम तिकडे जातो. गळती बंद न करता नवे स्कर्टिंग लावल्यास ओल नाहीशी होत नाही. ती पट्टीच्या मागून वर चढते आणि काही महिन्यांत नवा रंग फुगवते.

जिप्समचा गिलावा करणाऱ्यांनी तर अधिक दक्ष राहावे. त्याला पाणी मारावे लागत नाही, ही सोय असली तरी सततची ओल त्याला सोसत नाही. म्हणून स्कर्टिंगमागील भाग सिमेंटचा ठेवून जिप्सम त्याच्या वर थांबवणे योग्य. लाकडाची किंवा एमडीएफची पट्टी लावणाऱ्यांनी भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. ओलसर भिंतीला लागून एमडीएफ फुगते आणि लाकडाला वाळवीचा धोका असतो.

क्रम महत्त्वाचा

गळतीची दुरुस्ती, वायर-पाइपची कामे, गिलावा, फरशी, स्कर्टिंग आणि शेवटी पुट्टी व रंग, असा क्रम सोयीचा ठरतो. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि रंगापूर्वी तो साधारण महिनाभर सुकू द्यावा. टाइल बसवल्यावर तिच्यावर नाणे वाजवून पाहावे. पोकळ आवाज आल्यास मागे माल पुरेसा भरलेला नाही, असे समजावे.

सणापूर्वी भिंत सुकणे शक्य नसेल, तर रंग पुढे ढकलणे केव्हाही परवडते. कोरी राहिलेली भिंत सणानंतरही रंगवता येते. पातळी सोडून बसवलेले स्कर्टिंग मात्र पुन्हा फोडावेच लागते आणि त्यासोबत नवा गिलावाही निघून येतो.