मावळचे फुटेज

मावळच्या गोळीबाराची हकीकत पुणेकरांना नव्याने सांगायला नको. ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेऊ नये म्हणून शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघे गेले, त्यांत एक बाई. मला सांगायचे आहे ते फुटेजविषयी.

रास्ता रोको म्हणजे वाहिन्यांच्या लेखी किरकोळ काम. घोषणा, नेत्याचा बाइट, व्हॅनमध्ये कोंबलेले कार्यकर्ते, की ट्रायपॉड आवरायचा. पण शेजारच्या वाहिनीचा कॅमेरा उभा असेपर्यंत कुणी हलत नाही. आपण निघाल्यावर काही घडले, तर डेस्क सोलून काढतो. मावळचे चित्रीकरण मिळाले त्यात या चढाओढीचाही वाटा आहे, असे मी मानतो.

पोलिसांची बाजू स्वसंरक्षणाची होती. पडद्यावर मात्र पळणाऱ्यांच्या दिशेने रोखलेल्या बंदुका दिसत होत्या. दगड आधी की गोळी आधी, यावर आमच्यात तावातावाने वाद चालू असताना दुसरे दृश्य आले. कडेला लावलेली गाडी, आत कुणी नाही. वर्दीतला माणूस काठी उगारतो आणि काच खळ्ळकन फुटते. रिकाम्या गाडीपासून कसले स्वसंरक्षण? वाद तिथेच संपला.

प्रेक्षकांनी पाहिले ते काही सेकंदांचे तुकडे, पुन्हा पुन्हा. खरा ऐवज न कापलेल्या चित्रीकरणात असतो: आधी काय घडले, इशारा दिला का, कोण कुठे उभा होता. आणि तेव्हा कित्येक कचेऱ्यांत टेप पुसून पुन्हा वापरायची रीत होती! पुढे न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला. अशा चौकशीला लागणारा पुरावा दुसऱ्या दिवशीच्या एखाद्या उद्घाटनाखाली सहज पुसला जाऊ शकत होता.

आता पोलिसांच्याच छातीवर कॅमेरे येत आहेत. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. त्यांच्यामुळे निर्दोष पोलिसाचीही बाजू राखली जाईल. पण मावळात कॅमेरा पोलिसांचा नव्हता, आणि इथे बटणही त्यांचे, साठवणही त्यांचीच. ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर चित्रीकरण जपायला सांगितले. याच न्यायाने, गोळी सुटली, तर छातीवरच्या कॅमेऱ्यातली न कापलेली प्रत त्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जमा झाली पाहिजे, आणि कॅमेरा बंद होता तर तो कुणी बंद केला, याचा जबाबही त्याच दिवशी घेतला पाहिजे.