सोळांतलं एक रोप

सप्टेंबर सरता सरता मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या खोऱ्यात भात निसवायला लागतं. पाऊस थांबलेला असेल आणि ऊन पडलं असेल, तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बांधावर बसून एखाद्या लोंबीकडे नीट बघावं. तुसाची दोन टरफलं किलकिली होतात, आतून सहा पुंकेसर बाहेर लोंबतात आणि तासाभरात तूस पुन्हा मिटतं. पुंकेसर तेवढे बाहेर राहतात. टरफलं उघडतात त्याच घटकेला परागकण आतल्या पिसासारख्या कुक्षीवर सांडलेले असतात. बाहेर पडलेला पराग काही मिनिटांतच निकामी होतो. या दिवसांत पावसाने झोडपलं की लोंब्या पोचट राहतात, हे मुळशीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याची मुलगी पौडला किंवा पिरंगुटला वर्गात बसून हीच गोष्ट 'पोलन व्हायेबिलिटी' म्हणून पाठ करत असते.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात परागकण, गुणसूत्र, तंतुकणिका, हरितलवक असं सगळं शिकून झालेलं असतं. अकरावीला सायन्स घेतलं की या साऱ्यांची नव्याने बारशी होतात. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. शिकवणारे सर मधूनमधून मराठीत येतात म्हणून निभावतं. सर ओळखीच्याच मंडळींबद्दल बोलतायत हे मुलांच्या लक्षात येईतो दिवाळी आलेली असते. दोन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली चार पानं पुस्तकाला जोडली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

सध्याच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा वनस्पतींच्या प्रजननाचा आहे. त्यातला हमखास प्रश्न म्हणजे एंडोस्पर्म, अर्थात भ्रूणपोष, आणि त्यातले गुणसूत्रांचे संच. उत्तर: तीन. सपुष्प वनस्पतींत एक पुंयुग्मक अंडपेशीशी जुळून भ्रूण होतो, दुसरा मधल्या दोन केंद्रकांना मिळतो आणि भ्रूणपोष तयार होतो. नावाशिनने हे 1898 मध्ये दाखवलं. भाताच्या पानातल्या पेशीत 24 गुणसूत्रं, तर भ्रूणपोषात 36. गिरणीत तूस निघालं, पॉलिशमध्ये कोंडा आणि त्याच्याबरोबर भ्रूणही गेला, की उरतो तो पांढरा दाणा म्हणजे हाच भ्रूणपोष. 'थ्री एन' असं उत्तर बिनचूक लिहून घरी आलेली मुलगी संध्याकाळी तेच 'थ्री एन' आमटीबरोबर कालवून खाते. हे तिला सांगायला वर्गात अर्धं मिनिट पुरेल.

तिसरा धडा आनुवंशिकतेचा. तिथे मेंडेल आणि त्याचे वाटाणे येतात. माझी तक्रार वाटाण्याबद्दल नाही, पण मुळशीच्या ताटात याहून सरस उदाहरण वाढलेलं आहे. आंबेमोहोर वासाचा राजा, पण उंच वाढतो, वारा आला की लोळतो आणि उताराही बेताचाच. मेंडेलचा निबंध 1866 साली छापला गेला. बरोबर शंभर वर्षांनी, 1966 मध्ये, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-8 हे बुटकं, भरघोस पिकणारं वाण आणलं. आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी तयार झाला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला.

आता वहीत चौकट आखा. आयआर-8चा बुटकेपणा अप्रभावी. भाताचा वासही अप्रभावी. गंमत म्हणजे तो एका बिघाडातून येतो. एरवी जे जनुक वासाचा रेणू साठू देत नाही, तेच मोडलेलं असतं. म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीत सगळी रोपं उंच आणि बिनवासाची. ज्याने एवढा खटाटोप केला त्याने कपाळाला हात लावावा! दुसऱ्या पिढीत ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे नऊ-तीन-तीन-एक हा हिशेब लागू पडतो आणि बुटकं, वासाचं असं रोप सोळांत एक निघतं. खरं वाण इतक्या सरळ हिशेबाने होत नाही. उताऱ्यामागे कितीतरी जनुकं असतात आणि पिढ्यानपिढ्या निवड करत बसावं लागतं. तरी या एका चौकटीने धडा अंगी लागतो.

मग तो असा शिकवला का जात नाही? बोर्डाचा लेखी पेपर 70 गुणांचा, प्रात्यक्षिक 30चं. पण डॉक्टर व्हायचं स्वप्न बोर्डावर ठरत नाही, ते 'नीट'वर ठरतं. तिथे 180 प्रश्नांपैकी 90 बायोलॉजीचे, म्हणजे 720तले 360 गुण. प्रश्नाला मिनिटभर धरलं तर बांधावर बसायला वेळ कुठला? आणि याच तालुक्यात, पौडजवळच्या खुबवलीतल्या टेकडीवर, 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथली देशोदेशीची मुलं आयबीचा अभ्यासक्रम करतात. त्या बायोलॉजीत प्रत्येकाला स्वतःचा प्रश्न शोधून, स्वतः प्रयोग करून जास्तीत जास्त 3000 शब्दांचा अहवाल लिहावा लागतो आणि त्याला 20 टक्के वजन असतं. खालच्या गावातल्या मुलीकडे प्रश्न भरपूर आहेत. ते विचारल्याचे गुण तिला मिळत नाहीत.

तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत एक पान मात्र वाढवता येईल. भाताची हिरवी पानं बारीक कातरायची, कॉस्टिक पोटॅशच्या अगदी पातळ द्रावणात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग झाकण जरासं सरकवून वास घ्यायचा. भात पैदासकार वासाची रोपं निवडायला हीच युक्ती वापरतात. एका बशीत आंबेमोहोर, दुसरीत कुठलंही बिनवासाचं वाण, नावं झाकलेली. वर्गातल्या निम्म्या मुलांना तर पोटॅशचीही गरज पडणार नाही.