आधी पाण्याची वाट, मग दगडाची

जव्हार-मोखाड्याला दगडाची वाण कधीच नव्हती. माळावर फूट-दीड फूट खणलं की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. पावसाळ्यात इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तरी मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, कारण हा खडक पाणी फारसं मुरू देत नाही. पडलेलं पाणी उतारावरून ओहोळात, ओहोळातून वाघ, पिंजाळ नाहीतर वैतरणेत निघून जातं. आता घराघरांत दुचाकी आली, कुठे टेम्पो आला, आणि डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत गाडी जाईल अशी वाट हवी झाली. त्यावर हल्ली उत्तर ठरलेलं असतं: काँक्रीट ओता, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवा. माझ्या मते, फार खडा चढ नसेल तर, या मुलखातल्या घरगुती वाटेला हाताने रचलेलं दगडी सोलिंगच सगळ्यांत योग्य आहे. अट एकच, दगड आणण्याआधी पाण्याची सोय लागली पाहिजे.

ही अट किती वजनाची आहे ते साध्या हिशेबाने कळतं. तीन मीटर रुंद आणि तीस मीटर लांब वाट म्हणजे 90 चौरस मीटर. तिच्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 9000 लिटर पाणी होतं, आणि तेवढा पाऊस एका दिवसात पडणं इथे आषाढात नवलाचं नाही. शिवाय हे फक्त आभाळातून थेट पडलेलं पाणी. डोंगराच्या अंगाने वाहत येणारं याच्या कितीतरी पट. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी घेतली, तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं की गाडीचं ओझं शेवटी खालची माती पेलते, आणि ती कोरडी असेल तोवरच पेलते. त्याचाच समकालीन टेलफर्ड खाली मोठे दगड हाताने रचायचा. मॅकॅडमला ते अनावश्यक वाटे. आपल्याकडचं सोलिंग टेलफर्डच्या बाजूचं, पण खरं निदान मॅकॅडमचं. वाट खचली की लोक दगडाला दोष देतात. उकरून पाहिलं तर बहुधा दगड शाबूत असतो आणि त्याच्याखाली चिखलाचा लगदा झालेला असतो.

म्हणून काम सुरू होतं ते वाटेच्या वरच्या अंगाला, डोंगराकडून येणारं पाणी अडवून बाजूला काढणारी चर खणून. ती चर नसेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. मग वाटेवरची मऊ माती पूर्ण काढायची, मुरूम पसरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा. इथे एक बारकी गोष्ट हमखास चुकते. तळ सपाट ठेवतात आणि उतार फक्त वरच्या थराला देतात. फटींतून खाली गेलेलं पाणी मग तळाशी तुंबतं. उतार तळालाच हवा, मीटरला तीन ते चार सेंटिमीटर, वाटेच्या कडेच्या गटाराच्या दिशेने. त्यावर वीतभर उंचीचे डबर, रुंद बूड खाली आणि निमुळतं टोक वर, एकमेकांना खेटून उभे करायचे. सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. उरलेल्या फटींत चिपा घालून घणाने ठोकायच्या, इतक्या की पहारीने उचकटायला गेलं तर शेजारचे दोन दगडही हलले पाहिजेत. कडेचे दगड सगळ्यांत मोठे आणि खोल गाडलेले, कारण पूर्ण रचना त्यांच्या आधाराने घट्ट राहते. नदीतले गुळगुळीत गोटे फुकट मिळाले तरी इथे कामाचे नाहीत. ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली घरंगळतात. वर खडी, खडीवर पातळ कच, पाणी आणि रोलर. चढावर दर काही मीटरवर दगडांची एक तिरकी ओळ थोडी उंच ठेवली की वाटेवरून धावणारं पाणी गटाराकडे वळतं.

गटारातलं पाणी पुढे जाणार कुठे, याचं उत्तर आधी हवं. शोषखड्डा हा सल्ला सरसकट दिला जातो, पण तीन फुटांवर खडक असेल तर तो पहिल्या पावसातच तुडुंब भरतो, आणि घराच्या जोत्याजवळ असेल तर भिंतीत ओल चढते. ते पाणी ओहोळाकडेच न्यावं लागतं. शेजाऱ्याच्या भातखाचरात लोंढा सोडून भांडण ओढवून घेऊ नये. गटाराच्या तोंडाशी डबराचा पसारा केला की पाण्याचा जोर मोडतो आणि माती धुपत नाही.

काँक्रीट टिकाऊ नाही का? आहे, आणि खड्या चढावर निदान चाकांपुरते दोन काँक्रीटचे पट्टे टाकणं शहाणपणाचं आहे. पण चर नसेल तर पाणी काँक्रीटखालचा मुरूमही वाहून नेतं. ती पोकळी वरून दिसत नाही, एके दिवशी तडा गेला की कळते, आणि तो तुकडा फोडून नव्याने ओतावा लागतो. सोलिंगचा दगड खचला तर तोच दगड काढून, खाली मुरूम भरून परत बसवता येतो. शेवाळावर पाय घसरतो ही तक्रार खरी आहे. खरखरीत तोंडाचा दगड निवडला आणि पाणी साचू दिलं नाही तर ती पुष्कळ कमी होते. राहिली मजुरी. हाताचं काम महाग पडतं हे मान्य, पण तो पैसा गावात राहतो. भातकापणी आटोपली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि भिवंडी-वसईच्या बांधकामांवर जगायला जातात, त्यांना चार आठवडे घराजवळ काम मिळणं ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही. दगड मात्र वनजमिनीवरून उचलायचा नाही. दगड-मुरूम हे गौण खनिज आहे, त्याला महसूल खात्याची परवानगी लागते.

खडी टाकण्याआधी रचलेल्या दगडांवर चार-पाच हंडे पाणी ओतून पाहावं. जिथे ते थबकेल तिथले दगड त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवावेत. पुढे दरवर्षी मृग लागण्याआधी चरीतला पाला आणि गाळ काढायचा, आणि दिवाळीनंतर जमीन वाळली की खचलेले दगड हुडकायचे.