आधी लॉग, मग रीस्टार्ट!

परवाच्या व्हिडिओत क्लस्टर सुरू न होण्याचा विषय घेतला होता. वेळेअभावी जे राहिलं, ते इथे लिहितोय.

एका शनिवारी सकाळी साडेसातला फोन आला. “सर, रात्री लाइट गेली होती. आठपैकी तीन मशीन कामच घेत नाहीयेत. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय.” फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. प्लास्टिकच्या साच्यांची डिझाइन्स कॉम्प्युटरवर तपासून द्यायची, हा त्याचा धंदा. त्यासाठी आठ लिनक्स मशीनचा छोटा क्लस्टर आणि सगळ्यांच्या फाइल ठेवायला एक वेगळा स्टोरेज सर्व्हर.

मी विचारलं, “लॉग काय सांगतोय?”

“लॉग नाही बघितला. चार वेळा मेन स्विच बंद-चालू करून पाहिला.”

गोम इथेच होती. डिस्क भरते म्हणून कोणीतरी पूर्वी या मशीनवर लॉग डिस्कवर लिहिणं बंद केलं होतं. लॉग फक्त मेमरीत राहायचा. म्हणजे प्रत्येक रीस्टार्टबरोबर पुरावाही पुसला जात होता. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घर झाडून काढावं, तसं!

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक मशीनवर जर्नल कायमस्वरूपी डिस्कवर ठेवायला लावला आणि जागेची मर्यादा घालून दिली, म्हणजे डिस्क भरायची भीती नाही. आता जर्नलसीटीएलला मागच्या बूटचा हिशेब विचारता येतो. दुसरी, यूपीएसवर चालणाऱ्या एका जुन्या डेस्कटॉपवर आरसिसलॉग बसवला आणि सगळ्या मशीनचे संदेश टीसीपीने तिकडे पाठवले. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, वेळ पाऊण तास. (कमांड व्हिडिओत स्क्रीनवर आहेत, तिथूनच घ्या.)

मग मुद्दाम सगळं पुन्हा एकदम सुरू केलं, आणि नऊ मशीनचे संदेश एकाच यादीत वेळेनुसार वाचले. चित्र लख्ख दिसलं. स्टोरेज सर्व्हरला स्वतःची तपासणी करून फाइल द्यायला तयार व्हायला साडेतीन मिनिटं लागत होती. तीन नव्या मशीनना एसएसडी. त्या चाळीस सेकंदांत उठायच्या, सामायिक फोल्डर मागायच्या, दीड मिनिट वाट पाहायच्या आणि नाद सोडून द्यायच्या. जुन्या पाच मशीन मेमरी तपासण्यातच अडीच मिनिटं घालवायच्या, म्हणून त्यांना फोल्डर मिळायचा. नव्या मशीन खराब नव्हत्या, उलट फार चपळ होत्या! एकेका मशीनचा लॉग वेगळा वाचला असता, तर “फोल्डर जोडता आला नाही” एवढंच कळलं असतं. का, ते कळलं नसतं.

उपाय साधा. आधी स्टोरेज, ते तयार झाल्याची खात्री, मग बाकीच्या मशीन. हा क्रम छापून मेन स्विचशेजारी लावला. शिवाय फोल्डर बूट होताना न जोडता, पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा जोडायचा, अशी एफएसटॅबमध्ये ऑटोमाउंटची सोय केली. सोमवारी रिपोर्ट गेला.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. घड्याळं जुळवा. क्रोनी सगळीकडे चालू हवं. एक घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, तर वरचा क्रमच उलटा दिसला असता आणि आपण भलत्याच्याच मागे लागलो असतो.

२. केंद्रच बंद पडलं तर? संदेश तेवढा वेळ डिस्कवर रांगेत ठेवायची सोय आरसिसलॉगमध्ये आहे, पण ती आपण चालू करावी लागते. नाहीतर नेमके हवे ते संदेश हरवतात.

३. केंद्रीय लॉगलाही मर्यादा आहे. नेटवर्क सुरू व्हायच्या आधीच मशीन अडली, तर तिचा एक शब्दही केंद्रापर्यंत पोचत नाही. तिथे आयपीएमआयचा रिमोट कन्सोल, नाहीतर सरळ मॉनिटर-कीबोर्ड लावून बघायचं. म्हणून यादी वाचताना कोण काय म्हणतंय एवढंच पाहू नका, कोण गप्प आहे तेही पाहा.

माझा विद्यार्थी त्या दिवशी म्हणाला, “सर, चार तास स्विच दाबण्यात गेले.” धंद्यात असे चार तास कोणी भरून देत नाही. तेव्हा आज एकच काम करा. आपल्या एका मशीनवर मागच्या बूटचा लॉग मागून बघा. मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर पुढची लाइट जायच्या आत सोय करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!